अजिंठ्यातला ‘इराणी वकील’

अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात टोप्या घातलेले काही परदेशी राजासमोर नजराणे घेऊन आलेले दिसतात. ‘हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि तो इराणचा बादशहा खुस्रो याचा वकील, म्हणजे राजदूत’ असं आजही सर्रास सांगितलं जातं. ही ओळख १८७९ मध्ये वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी सुचवली आणि मग ती चिकटूनच राहिली.

पण काळच जुळत नाही. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या कालगणनेनुसार हे लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. पुलकेशी गादीवर आला तो सातव्या शतकात! जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी या चित्रात महासुदर्शन राजाची बौद्ध कथा ओळखली. परदेशी चेहऱ्यांचं म्हणाल, तर व्यापारामुळे ते इथे नवखे नव्हतेच.

गोंधळ होतो तो एकच तुकडा फोटोसारखा पाहिल्यामुळे. याच लेण्यातलं महाजनक जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीची महाजनक राजाची कथा पाहा. तोच राजा राणीजवळ, तोच संन्याशाचा उपदेश ऐकताना, तोच घोड्यावरून राज्य सोडून निघताना. मध्ये चौकटी नाहीत. महालाचे खांब, दरवाजेच प्रसंग वेगळे करतात. अजिंठ्यात क्रमही नेहमी काळाचा नसतो: एकाच जागी घडलेले प्रसंग, मधे कितीही काळ गेलेला असो, चित्रकार खुशाल शेजारीशेजारी मांडतो.