पहिले त्रिकूट (रोमन प्रजासत्ताक)

पाँपी, क्रॅसस आणि जूलियस सीझर यांनी इ. स. पू. ६० च्या सुमारास केलेली खाजगी राजकीय युती. इ. स. पू. ४३ चे दुसरे त्रिकूट रीतसर कायद्याने नेमलेले होते. या युतीला तसा कोणताही आधार नव्हता.

तिघांचीही कामे सिनेटमध्ये, मुख्यतः केटो या कडव्या परंपरावादी सिनेटरच्या गटाने, अडवून ठेवली होती. पाँपीला पूर्वेकडे जिंकलेल्या प्रदेशांत लावलेल्या व्यवस्थेस मंजुरी आणि आपल्या सैनिकांसाठी जमिनी हव्या होत्या. आशिया प्रांताच्या (आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग) करवसुलीचा मक्ता ज्यांनी चढ्या बोलीने घेतला, त्यांना क्रॅसस सूट मागत होता. विजययात्रेची (विजयी सेनापतीच्या सन्मानाच्या मिरवणुकीची) वाट पाहणाऱ्या सेनापतीला तोवर नगरात शिरता येत नसे, म्हणून सीझरला नगराबाहेर राहूनच कॉन्सलपदाची (दरसाल निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एकाचे पद) उमेदवारी हवी होती. सिनेटला सूर्यास्तानंतर ठराव करता येत नसे, म्हणून केटो दिवस मावळेपर्यंत बोलत राहिला. अखेर सीझरने विजययात्रेवर पाणी सोडले. एकेकट्याला रोखण्याच्या या डावपेचांनीच तिघांना एकत्र आणले.

इ. स. पू. ५९ मध्ये कॉन्सल झालेल्या सीझरने जमीनवाटपाचा कायदा थेट जनसभेत नेला. विरोध करणाऱ्या बिब्युलस या सहकारी कॉन्सलच्या डोक्यावर शेण ओतले गेले आणि त्याला फोरममधून हुसकावून लावण्यात आले. उरलेले वर्ष तो घरी बसून ‘आकाशातील शकुन पाहत आहे’ असे जाहीर करत राहिला. अशा दिवशी घेतलेली सभा धर्मनियमांनुसार सदोष ठरे. साहजिकच सीझरच्या कायद्यांच्या वैधतेवर कायमचे प्रश्नचिन्ह लागले. पदावर असेपर्यंत सीझरवर खटला भरता येत नसे, आणि केटो तर खटल्याच्या धमक्या देत होता. पुढच्या संघर्षाची गोम इथे आहे.

इ. स. पू. ५६ मध्ये उत्तर इटलीतील लुका येथे युतीची डागडुजी झाली. सीझरला गॉलमधील (आजच्या फ्रान्सच्या परिसरातील) सेनापतिपदाची आणखी पाच वर्षे मिळाली. पण इ. स. पू. ५४ मध्ये पाँपीची पत्नी व सीझरची मुलगी जूलिया वारली आणि पुढच्याच वर्षी क्रॅसस पार्थियनांविरुद्ध कॅऱ्हीच्या लढाईत पडला. त्यानंतर केटोचा गट पाँपीकडे झुकला.

पाँपी व सीझर दोघांनीही सेनापतिपद सोडावे, हा क्यूरिओ या ट्रिब्यूनचा (नकाराधिकार असलेला जनतेचा प्रतिनिधी) प्रस्ताव इ. स. पू. ५० च्या डिसेंबरमध्ये सिनेटने ३७० विरुद्ध २२ मतांनी उचलून धरला. तरीही अंमल झाला नाही. कॉन्सल मार्सेलसने बैठकच मोडली. इ. स. पू. ४९ च्या जानेवारीत सिनेटने सीझरविरुद्ध आणीबाणीचा ठराव केला आणि अँटनीसह सीझरच्या बाजूच्या दोन ट्रिब्यूनांना रोम सोडून पळावे लागले. इ. स. पू. ५९ मध्ये स्वतः ट्रिब्यूनांचा नकाराधिकार तुडवणाऱ्या सीझरला आता ट्रिब्यूनांच्या हक्कांचे निमित्त आयते मिळाले. त्याच महिन्यात एका लीजनसह (रोमन सैन्याच्या तुकडीसह) त्याने इटलीच्या सीमेवरची रुबिकॉन नदी ओलांडली आणि यादवी युद्ध सुरू झाले.