मेंटेनन्स शीटमधले ‘क्रम लावा’ बटण : सोसायटीच्या सचिव-खजिनदारांसाठी

आमच्या एक्सेलमधल्या मेंटेनन्स शीटमध्ये वरच्या बाजूला दोन बटणे आहेत. ‘क्रम लावा’ दाबले की सभासदांची यादी आधी विंगप्रमाणे आणि मग फ्लॅट क्रमांकाप्रमाणे लागते. ‘थकबाकी’ दाबले की सर्वांत मोठी बाकी वर येते. सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेआधी हीच यादी लागते. दोन्ही बटणांमागे एकेक छोटा मॅक्रो, म्हणजे ठरलेली कामे एका दमात करणारा छोटा प्रोग्राम आहे.

सगळ्यात आधी एक सूचना. बटण दाबल्यावर कंट्रोल-झेडवर विसंबू नका. मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की एक्सेल आधीची ‘अनडू’ची यादी पुसून टाकते. मूळ क्रमावर परत यायचे, तर डावीकडचा अ.क्र. कॉलमच कामी येतो. तिथले आकडे मुद्दाम हाताने टाइप केले आहेत. काही जण तिथे ‘वरचा आकडा अधिक एक’ असे सूत्र टाकून खाली ओढतात. मग क्रम बदलला की नंबरही नव्याने पडतात आणि मूळ क्रम कायमचा जातो. तो कॉलम कृपया आहे तसाच राहू द्या.

विंग आणि फ्लॅट आम्ही दोन वेगळ्या कॉलममध्ये ठेवले आहेत. ‘ए-2’, ‘ए-10’, ‘ए-101’ असे एकत्र लिहिले तर एक्सेल तो मजकूर धरते आणि क्रम लागतो तो ए-10, ए-101, ए-2. नुसता अंक चुकून मजकूर म्हणून पडला असेल (सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो), तर मॅक्रो त्याला अंकच समजतो. पण ‘12 बंद’ असे काही लिहिलेत तर मॅक्रोचाही नाइलाज आहे. शेरे शेऱ्याच्या कॉलममध्ये लिहा.

सगळ्यात जास्त फोन येतात ते तारखांबद्दल. पावतीची तारीख 05.04.2025 अशी टिंबे देऊन टाकली, तर बहुतेक कॉम्प्युटरांवर ती तारीख राहत नाही, मजकूर होते आणि क्रम लावल्यावर तळाला जाते. विंडोजची तारीख-पद्धत अमेरिकन असेल तर त्याहून वाईट. तिथे 05/04/2025 म्हणजे 4 मे होतो आणि 13/04/2025 मजकूर बनतो. एप्रिलच्याच दोन पावत्या यादीच्या दोन टोकांना! ओळखायची खूण सोपी आहे. खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. विंडोजमध्ये ‘रीजन’ इंग्लिश (इंडिया) करून घ्या.

एकूण रकमेची ओळ यादीच्या वर आहे, ती तिथेच असू द्या. मॅक्रो तळापासून वर येत शेवटची भरलेली ओळ शोधतो, म्हणजे नवा सभासद आला तरी आपोआप यादीत धरला जातो. पण खाली ‘एकूण’ लिहिलेत, तर तेही यादीत धरले जाते आणि ‘थकबाकी’ दाबल्यावर ‘एकूण’ नावाचे सभासद पहिल्या नंबरचे थकबाकीदार ठरतात. सेल मर्जही करू नका, क्रम लागायचाच थांबतो.

“आम्हीच मॅक्रो रेकॉर्ड केला तर?” जरूर करा. फक्त रेकॉर्डरने (तुम्ही केलेल्या कृती टिपून मॅक्रो लिहिणारी एक्सेलची सोय) लिहिलेल्या मॅक्रोत बहुधा त्या दिवशीच्याच ओळींचा पत्ता पक्का बसतो. दुसरी ते पंचाऐंशीवी ओळ असेल, तर शहाऐंशीव्या ओळीतला सभासद बाहेरच राहतो आणि एक्सेल काही बोलत नाही.

फाइल ‘एक्सएलएसएम’ (.xlsm, मॅक्रोसह एक्सेल फाइल) म्हणूनच सेव्ह करा. ‘एक्सएलएसएक्स’ (.xlsx, साधी एक्सेल फाइल) केलीत तर मॅक्रो गळून पडतो. आमच्याकडून ईमेलने आलेली फाइल उघडताना लाल पट्टी दिसली, तर फाइल बंद करून तिच्यावर राइट क्लिक करा आणि प्रॉपर्टीजमध्ये तळाशी ‘अनब्लॉक’वर टिक करा. 2022 पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेले मॅक्रो आपणहून अडवायला सुरुवात केली आहे, आणि ते योग्यच आहे. अनोळखी फाइलला ही टिक कधीही देऊ नका. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये किंवा गुगल शीट्समध्ये यादी दिसेल, पण बटण चालणार नाही. त्याला कॉम्प्युटरवरचे एक्सेलच लागते.