बिनपिंजऱ्याच्या बोर्डिंगमध्ये कुत्रा ठेवण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

गणपतीत कोकणात जायचं असतं, दिवाळीत फटाक्यांपासून लांब पळायचं असतं आणि मे महिन्यात गावी. या तिन्ही हंगामांत आमचा फोन सकाळी सातला वाजायला लागतो आणि प्रश्न ठरलेले असतात. खरंच पिंजरा नाही ना? मग भांडत नाहीत का? आणि तिसरा : ‘आज इंजेक्शन देऊन टाकतो, उद्या सकाळी सोडलं तर चालेल ना?’

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं इथे थोडक्यात दिली आहेत. तिसऱ्याला मात्र जास्त जागा दिली आहे, कारण आमच्या फाटकावर जेवढे वाद होतात ते बहुतेक त्याच एका गोष्टीवरून होतात. गाडीत सामान भरलेलं असतं, मुलं मागे बसलेली असतात, आणि आम्ही कुत्रा घ्यायला नाही म्हणतो. तुम्हाला राग येतो, तो समजू शकतो. पण तेव्हा काहीच करता येत नाही. म्हणून हे आधीच वाचा.

पिंजरा नाही म्हणजे नक्की काय?

‘केज-फ्री’ अशी पाटी आता पुण्याच्या चारही बाजूंना दिसते. पाटी एक असली तरी आतला कारभार एक नसतो. काही ठिकाणी दिवसा कुत्रे अंगणात मोकळे असतात आणि रात्री माणसं घरी गेली की पिंजऱ्यात जातात. त्यामुळे कुठेही चौकशी करताना हिरवळ किती, पोहायचा हौद आहे का, हे नंतर विचारा. आधी विचारा : रात्री दहानंतर कुत्रे कुठे असतात, आणि त्यांच्याजवळ झोपायला कोण असतं? उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर तेच उत्तर समजा. आमच्याकडे माणूस कुत्र्यांच्या खोलीतच गादी टाकून झोपतो. (सकाळी त्या गादीवर कोण असतं आणि माणूस कुठे असतो, हा भाग वेगळा.)

मोकळे म्हणजे सगळे एकाच मैदानात, असंही नाही. आकार आणि स्वभाव बघून गट पाडावे लागतात. लॅब्रॅडॉर स्वभावाने कितीही गरीब असला, तरी त्याच्या पंज्याखाली चिवावा आला आणि किंचाळत पळाला, की मागच्या चार कुत्र्यांची पाठलागाची वृत्ती जागी होते. त्यात भांडण नसतं, पण जखम होऊ शकते. जेवण प्रत्येकाला वेगळ्या खोलीत, दार लावून दिलं जातं, कारण घरी अगदी शहाणा असलेला कुत्रासुद्धा परक्याने ताटलीत तोंड घातलं की गुरगुरतो. जेवणानंतर तासभर कोणालाही धावू देत नाही. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या जातींमध्ये पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो, आणि तो प्रकार काही तासांत जिवावर बेततो.

ती दारं बघून काही जण म्हणतात, ‘म्हणजे पिंजराच की!’ नाही. ती खोली आहे, खिडकी आहे, फिरायला जागा आहे, आणि दार ठरावीक वेळेपुरतंच लागतं. दारच नसलेलं बोर्डिंग कोणी दाखवलं, तर तिथे जेवणाच्या वेळी एकदा जाऊन बघा.

आदल्या दिवशीचं इंजेक्शन

पिंजऱ्याच्या बोर्डिंगमध्ये दोन कुत्र्यांच्या मध्ये जाळी असते. आमच्याकडे ती नाही. कुत्रे एकाच भांड्यातलं पाणी पितात, एकमेकांची नाकं चाटतात, एकाच गवतावर लोळतात. मध्ये जे काही संरक्षण उरतं ते फक्त लसीचं. म्हणून लसीकरणाबाबत आम्ही पिंजरेवाल्यांपेक्षाही कडक आहोत, आणि त्याबद्दल दिलगीर नाही.

लस टोचली की संरक्षण लगेच चालू होतं, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नसतं. शरीराला प्रतिकारशक्ती तयार करायला दिवस लागतात. रेबीजची पहिली लस असेल तर साधारण तीन आठवडे धरतात. लेप्टोची (उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, आणि दुसरा डोस झाल्याशिवाय ती पूर्ण धरत नाही. केनल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लस नाकात थेंब टाकून दिली तर त्यातल्या बोर्डेटेला जंतूविरुद्ध तीनेक दिवसांत काम सुरू होतं. तीच इंजेक्शनने दिली तर पहिल्या वेळी दोन डोस आणि काही आठवडे.

‘मग थेंब तर चालतील ना, तीन दिवस आधी?’ हा हुशार प्रश्न आम्हाला नेहमी येतो. त्यात एक अडचण आहे. त्या थेंबांमध्ये जिवंत पण सौम्य केलेला जंतू असतो. थेंब दिल्यावर काही कुत्रे पुढचे काही दिवस शिंकतात, नाक वाहतं, थोडं खोकतात. घरी ते किरकोळ असतं. आमच्याकडे मात्र शिंकणारा कुत्रा आत आला, की ते थेंबांमुळे आहे की खरा केनल कफ आहे, हे आम्हाला बघून सांगता येत नाही. मग त्याला वेगळं ठेवावं लागतं, म्हणजे ज्या एकटेपणातून वाचवायला तुम्ही त्याला आमच्याकडे आणलं तोच त्याच्या वाट्याला येतो.

इंजेक्शनचंही तसंच. लसीनंतर एखाददुसरा दिवस अंग गरम लागणं, मलूल पडून राहणं, जेवण टाकणं हे होतं. क्वचित काही तासांत तोंड सुजतं आणि डॉक्टरांकडे धावावं लागतं. असा दिवस कुत्र्याने ओळखीच्या घरात काढावा, अनोळखी वीस नाकांमध्ये नाही.

आणि पार्वो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. बाधा झालेला कुत्रा उलट्या-जुलाब सुरू होण्याच्या आधीपासूनच शौचावाटे विषाणू टाकायला लागतो. तो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. फिनाइलने मरत नाही. ब्लीचने मरतो, पण ब्लीच फरशीवर चालतं, हिरवळीवर नाही. एका घाईतल्या कुत्र्यापायी अंगण किती महिने बंद ठेवावं लागेल, याचा हिशोब आम्ही मनात करूनच फाटकाशी उभे असतो.

म्हणून आमचा नियम असा : शेवटचं इंजेक्शन कुत्रा आमच्याकडे येण्याच्या किमान १४ दिवस आधी, नाकातले थेंब किमान ७ दिवस आधी, रेबीज पहिल्यांदाच असेल तर किमान २१ दिवस आधी. पिल्लाचा शेवटचा डोस १६ आठवड्यांचं झाल्यावर पडलेला असावा, आणि त्यानंतर दोन आठवडे जावेत. त्याआधी पिल्लू घेत नाही, कितीही गोड असलं तरी.

‘बूस्टरला आठ दिवस उशीर झालाय, परत पाठवणार का?’ नाही. मोठ्या कुत्र्याचं सुरुवातीचं लसीकरण नीट झालेलं असेल तर डिस्टेंपर (हाही विषाणूजन्य आजारच) आणि पार्वोचं संरक्षण वर्ष भरलं त्या रात्री बारा वाजता संपत नाही, ते बरंच जास्त टिकतं. लेप्टो आणि केनल कफचं मात्र वर्षापुरतंच धरायचं, आणि फार खंड पडला तर लेप्टोचे दोन डोस पुन्हा घ्यावे लागू शकतात. अशा वेळी तुमच्या डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी आणा, आम्ही समजून घेतो.

व्हॉट्सॲपवर लसीकरणाच्या पुस्तकाचा फोटो पाठवताना मुखपृष्ठाचा पाठवू नका. ब्रुनोचं नाव आणि गोड फोटो आम्हाला पोचतो, तारखा पोचत नाहीत. आतलं पान हवं : स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का, चारही दिसतील असं.

या सगळ्याचा अर्थ एवढाच, की ज्या दिवशी रेल्वेची तिकिटं काढता त्याच दिवशी कुत्र्याचं पुस्तक उघडा. गणपतीची तिकिटं तर तुम्ही कित्येक आठवडे आधी काढता. तेव्हाच आम्हालाही फोन केलात तर लस, चाचणीचा दिवस आणि जागा तिन्ही गोष्टी निवांत जमतात.

चाचणीचा दिवस

पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला आधी एक दिवस आमच्याकडे काढावा लागतो. त्याचे वेगळे पैसे घेतो, आणि पुढे बोर्डिंग केलंत तर बिलातून वजा करतो. सगळ्याच कुत्र्यांना मोकळा घोळका मानवत नाही. आजी-आजोबांच्या सोबतीने आठ-दहा वर्षं एकटा राहिलेला कुत्रा गर्दीत थरथरत बसतो. तसं दिसलं तर आम्ही सरळ सांगतो की घरी येऊन राहणारं माणूस शोधा, आणि ओळखीतलं असेल तर सुचवतो. माजावर आलेली मादी घेत नाही. साधारण तीन आठवडे थांबा. जिथे फोनवरच ‘आणा आणा, कोणताही आणा’ म्हणतात तिथे दुसरे कोणकोणते आले असतील, याचाही विचार करा.

गोचिडी, आणि आमची थोडी बाजू

पावसाळ्यानंतर घरी नेलेल्या कुत्र्याला दुसऱ्या दिवशी ताप आला की पहिला फोन आम्हाला येतो. जरूर करा. पण गोचीड चावल्यापासून टिक फीव्हरची लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन आठवडे जातात. म्हणजे चार दिवस आमच्याकडे राहून पाचव्या दिवशी तापलेल्या कुत्र्याला गोचीड बहुधा आधीच चावलेली असते. म्हणूनच आत घेताना आम्ही कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली बोटं फिरवून बघतो. त्याला पाच मिनिटं लागतात. कृपया हॉर्न वाजवू नका. गोचिडीची गोळी चालू असेल तर तारीख सांगा. मानेवर टाकायचं औषध असेल तर ते टाकण्याच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको, नाहीतर पैसे पाण्यात.

ग्रूमिंग

इथे वेळ खाणारी गोष्ट म्हणजे ‘कालच घरी आंघोळ घातलीय, तुम्ही फक्त केस कापा.’ शिह त्झू, ल्हासा, गोल्डन यांच्या कानामागे, काखेत आणि हार्नेसच्या पट्ट्याखाली बोराएवढ्या गाठी असतात. वरून हात फिरवला तर मऊ लागतं, गाठ कातडीलगत असते. त्यावर पाणी पडून ती वाळली की आवळून नमद्यासारखी घट्ट होते. आतली कातडी ओली राहते, लाल होते, तिला वास येतो. मग विंचरून सोडवणं म्हणजे कुत्र्याला छळणं, आणि शून्य मशीन मारण्यावाचून इलाज राहत नाही. तुम्हाला टेडी कट हवा असतो आणि घरी जातो ससा. स्टीलचा कंगवा मुळापासून घालून बघा. कंगवा अडला तर पाणी लावू नका, तसाच आणा.

पॉमेरेनियन, हस्की, गोल्डन यांना उन्हाळ्यात भादरून द्या अशी मागणी असते. आम्ही करत नाही. त्यांची दुहेरी केसाळ पाखर उन्हापासूनही बचाव करते, आणि पॉमचे केस एकदा मशीनने काढले की काही वेळा महिनोन्‌महिने परत येत नाहीत. आतली मोकळी लव विंचरून काढली की त्यांना गार वाटतं. त्याला तास-दीड तास लागतो, म्हणून दर थोडा जास्त आहे.

दुसऱ्या पार्लरमध्ये जाणार असाल तर कुत्रा वाळवतात कसा, हे नक्की विचारा. बंद पिंजऱ्यावर गरम हवेचा झोत लावून माणूस दुसऱ्या कामाला जातो, ही पद्धत अजून आहे. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो. पग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना तेही धड जमत नाही. त्या पिंजऱ्यात त्यांना उष्माघात होऊ शकतो. आमच्याकडे टेबलावर, हातातल्या ब्लोअरने, एक माणूस कुत्र्याला धरून उभा असतो. वेळ लागतो.

बोर्डिंग आणि ग्रूमिंग दोन्ही हवं असेल तर आंघोळ घरी जायच्या दिवशी घालतो. आधी घातलेली मातीत जाते.

आणताना

त्याचं रोजचं खाणं मोजून पाकिटांत, औषधं आणि डॉक्टरांचा फोन, आणि घरातली एक न धुतलेली चादर. खेळणी नकोत, त्यावरून भांडणं होतात. दिवाळीत फराळाचा डबा आमच्या मुलांसाठी जरूर आणा, पण कुत्र्यासाठी नको. बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि बेदाणा लाडवात हमखास असतो.

दुपारी एक ते चार फाटक बंद असतं, कारण तेव्हा सगळे झोपलेले असतात. न्यायला येताना शक्यतो चार ते सहाच्या मध्ये या. सहानंतर जेवणं सुरू होतात, आणि तुमच्या गाडीचा आवाज ओळखून एक जण ओरडायला लागला की बाकी कोणी ताटलीला तोंड लावत नाही.