सार्वत्रिकता आणि स्केलिंग (संघनित द्रव्य भौतिकी)

सार्वत्रिकता आणि स्केलिंग : असंख्य घटकांच्या परस्परक्रियांतून उद्भवणाऱ्या सामूहिक वर्तनाचे नियम क्रांतिक बिंदूजवळ (ज्या बिंदूपाशी पदार्थाच्या दोन अवस्थांमधील भेद नाहीसा होतो त्याजवळ) घटकांच्या तपशिलांवर बव्हंशी अवलंबून राहत नाहीत, या गुणधर्मास सार्वत्रिकता म्हणतात. त्याच बिंदूजवळ भौतिक राशी घातनियमांनी (म्हणजे त्या बिंदूपासूनच्या अंतराच्या ठरावीक घाताने) बदलतात आणि मापे योग्य रीतीने बदलली असता निरनिराळ्या तापमानांचे आलेख एकाच वक्रावर येऊन बसतात, या गुणधर्मास स्केलिंग म्हणतात. एका वर्गातील प्रणालींचे क्रांतिक घातांक (या घातनियमांतील घात) सारखे असतात. वर्ग मुख्यतः अवकाशाच्या मिती, क्रम प्राचलाची (अवस्थांमधील भेद मोजणाऱ्या राशीची) सममिती आणि परस्परक्रियेचा पल्ला यांवरून ठरतो.

या दोन्ही कल्पना उद्गामी वर्तनाच्या व्यापक विचारात मोडतात. घटकांत नसलेले गुण समुच्चयात दिसतात, ही मांडणी जॉन स्ट्यूअर्ट मिल (१८४३) व जी. एच. ल्यूइस (१८७५) यांच्या लेखनात आढळते. भौतिकीत तिला प्रतिष्ठा मिळाली ती बहुधा फिलिप अँडरसन यांच्या १९७२ सालच्या लेखामुळे. मूलभूत नियम हाती असले तरी त्यांवरून समुच्चयाचे वर्तन उभे करता येईलच असे नाही, हा त्यांचा मुद्दा होता. १९८२ साली सापडलेला अपूर्णांकी क्वांटम हॉल परिणाम हे त्याचे ठळक उदाहरण होय : इलेक्ट्रॉनाचा विद्युत भार अविभाज्य असूनही प्रबळ चुंबकीय क्षेत्रातील इलेक्ट्रॉनांच्या द्विमितीय थरात एकतृतीयांश भाराचे कण वावरतात, आणि १९९७ साली विद्युत प्रवाहातील गोंगाट मोजून त्याला प्रत्यक्ष दुजोरा मिळाला. उद्गामित्वाच्या तात्त्विक वादाचा विचार येथे केलेला नाही.

क्रांतिक बिंदूचा पद्धतशीर अभ्यास टॉमस अँड्रूज यांच्या कार्बन डाय-ऑक्साइडावरील प्रयोगांपासून (१८६९) सुरू झाला, असे सामान्यतः मानले जाते. कान्यार द ला तूर यांची निरीक्षणे मात्र १८२२ इतकी जुनी आहेत. सुमारे ३१° से. तापमान व ७३ वातावरण दाब यांपाशी बंद नळीतील द्रव व वायू यांमधील सीमारेषा नाहीशी होते आणि तत्पूर्वी नळीतील पारदर्शक पदार्थ दुधाळ दिसू लागतो. घनतेतील चढउतारांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीएवढा झाल्याची ती खूण असते. व्हान डर वाल्स यांच्या १८७३ सालच्या सिद्धांतानुसार द्रव व वायू यांच्या घनतांमधील फरक क्रांतिक तापमानापासूनच्या अंतराच्या १/२ घाताने कमी व्हावयास हवा. चुंबकांसाठी व्हाइस (१९०७) आणि सर्वसाधारण प्रावस्था संक्रमणांसाठी लँडाऊ (१९३७) यांच्या सिद्धांतांतूनही हाच १/२ मिळतो.

हा घातांक (बीटा) प्रत्यक्षात १/३ च्या आसपास आहे हे प्रथम कोणाच्या ध्यानात आले, याविषयी मतभेद आहेत. बहुतेक पाठ्यपुस्तके ते श्रेय एडवर्ड गुगेनहाइम यांना देतात. १९४५ साली त्यांनी निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड व मिथेन यांची मापने क्रांतिक मूल्यांच्या पटीत मांडून ती १/३ घाताच्या एकाच वक्रावर आणली. तथापि व्हेर्शाफेल्ट यांनी १९०० च्या सुमारास पेंटेनाच्या मापनांवरून ०.३४ च्या जवळचे मूल्य काढले होते आणि ते १/२ शी जुळत नाही याची त्यांना जाणीव होती. लेव्हेल्ट सेंगर्स यांनी १९७६ साली या जुन्या कामाकडे लक्ष वेधल्यापासून अग्रक्रम व्हेर्शाफेल्ट यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र अनेक पदार्थांचा एकच वक्र, म्हणजे सार्वत्रिकतेचा खरा पुरावा, गुगेनहाइम यांचाच आहे.

सैद्धांतिक बाजूने पहिला निर्णायक धक्का लार्स ऑनसागर यांनी दिला. ईझिंग प्रतिमानाचे (जालकावरील, वर किंवा खाली अशा दोनच दिशा घेणाऱ्या चुंबकी घटकांच्या प्रतिमानाचे) द्विमितीय रूप त्यांनी १९४४ साली अचूक सोडविले. त्यात विशिष्ट उष्णता लॉगरिदमाने अनंताकडे जाते. सी. एन. यांग यांनी १९५२ साली सिद्धता प्रसिद्ध केलेला बीटा १/८ आहे. त्रिमितीय रूपाची अचूक उकल मिळालेली नाही; संख्यात्मक पद्धतींनी बीटा सुमारे ०.३२६ येतो आणि गुगेनहाइम यांच्या १/३ चा उलगडा त्यातून होतो. एसॅम व फिशर यांनी १९६३ साली सुचविलेल्या संबंधानुसार आल्फा (विशिष्ट उष्णतेचा घातांक), बीटाची दुप्पट आणि गॅमा (चुंबकीय ग्रहणशीलतेचा घातांक) यांची बेरीज २ येते. द्विमितीय ईझिंग प्रतिमानात ती ०, १/४ व ७/४ अशी तंतोतंत भरते. असे संबंध का असावेत, याचे उत्तर विडम (१९६५) यांच्या समघाती फलनाच्या (चल पटीत बदलले की स्वतःही ठरावीक पटीत बदलणाऱ्या फलनाच्या) गृहीतकातून आणि कडनॉफ (१९६६) यांच्या गट-परिवलनांच्या (शेजारच्या चुंबकी घटकांचा गट हा एकच घटक मानण्याच्या) युक्तिवादातून मिळाले. सोव्हिएत संघात पटाशिन्स्की व पोक्रोव्स्की हेही त्याच सुमारास समांतर निष्कर्षांवर पोहोचले होते. इंग्रजी संदर्भग्रंथांत त्यांचा उल्लेख असावा तितका नसतो.

केनेथ विल्सन यांच्या पुनर्प्रसामान्यीकरण गटाने (१९७१) या सर्वांना पाया दिला. प्रणालीकडे उत्तरोत्तर ढोबळ मापांनी पाहत गेल्यास परस्परक्रियांची बहुतेक प्राचले क्षीण होत जातात आणि अगदी भिन्न प्रणाली एकाच स्थिर बिंदूकडे (माप आणखी ढोबळ केले तरी न बदलणाऱ्या वर्णनाकडे) ओढल्या जातात. सार्वत्रिकतेचे स्पष्टीकरण ते हेच. या कार्यासाठी विल्सन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सिद्धांताची सर्वांत कसोशीची परीक्षा द्रव हीलियमाच्या २.१७ के. जवळील अतिप्रवाही संक्रमणात (द्रव घर्षणाशिवाय वाहू लागण्याच्या बदलात) झाली. पृथ्वीवर नमुन्याच्या तळाशी व माथ्याशी दाब वेगळा असल्याने संक्रमण पुसट होते, म्हणून १९९२ साली हा प्रयोग अवकाशयानात नेण्यात आला आणि संक्रमणापासून काही अब्जांश केल्विन अंतरापर्यंत विशिष्ट उष्णता मोजली गेली. त्यातून आल्फा -०.०१२७ आला, त्यावरून सहसंबंध लांबीचा (चढउतार जितक्या अंतरापर्यंत एकमेकांशी निगडित असतात त्या लांबीचा) घातांक (न्यू) ०.६७०९ ठरतो. त्याच वर्गातील जालक प्रतिमानांच्या संगणकीय आकडेमोडीत मात्र २००६ पासून ०.६७१७ हे मूल्य मिळते. फरक चौथ्या दशांश स्थानी असला तरी दोन्ही बाजूंच्या त्रुटिमर्यादांपेक्षा मोठा आहे. स्वतंत्र अशा अनुकोण बूटस्ट्रॅप पद्धतीनेही (सममिती व सुसंगतीच्या अटींवरून घातांक काढणाऱ्या पद्धतीनेही) अलीकडे ०.६७१७ च्या जवळचेच मूल्य दिल्यामुळे प्रस्तुत लेखकाचा कल संगणकीय मूल्याकडे आहे. प्रयोगाची त्याच अचूकतेने पुनरावृत्ती झाल्यास वाद मिटू शकेल.

समतोलापासून दूर असलेल्या प्रणालींच्या बाबतीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम विशेष महत्त्वाचे आहे. बाक, टँग व विझेनफेल्ड यांनी १९८७ साली वाळूढीग प्रतिमान मांडले : चौरस जालकाच्या एखाद्या घरात चार कण जमले की ते घर कोसळते व चारही शेजाऱ्यांना एकेक कण देते, कडेच्या घरांतील काही कण बाहेर पडतात. कण सावकाश टाकत राहिल्यास, तापमानासारखे कोणतेही प्राचल जुळवून न घेता, लहानमोठ्या सर्व आकारांच्या कोसळी होऊ लागतात. टाटा संस्थेतील दीपक धर यांनी रामकृष्ण रामस्वामी यांच्यासह १९८९ साली या प्रतिमानाचे दिष्ट (कण ठरावीक दिशेनेच पुढे जाणारे) रूप अचूक सोडविले. कोसळीच्या दोन्ही कडा यदृच्छ भ्रमण करतात व एकमेकींना भेटल्या की कोसळ संपते, या निरीक्षणावरून द्विमितीत कोसळीच्या आकाराचा घातांक ४/३ व कालावधीचा ३/२ मिळतो.

पुढच्याच वर्षी धर यांनी मूळ प्रतिमानाविषयी दाखविले की घरे कोणत्याही क्रमाने कोसळू दिली तरी अंतिम मांडणी तीच राहते, म्हणजे कण टाकण्याच्या क्रिया आबेली आहेत. परिणामी काही मांडण्या पुन्हा पुन्हा येतात व त्या सर्वांची संभाव्यता समान असते. इतर मांडण्या एकदा गेल्या की परत येत नाहीत. दोन बाय दोन घरांच्या जालकावर प्रत्येक घरात ० ते ३ कण, अशा २५६ स्थिर मांडण्या संभवतात. त्यांपैकी आवर्ती (पुन्हा पुन्हा येणाऱ्या) केवळ १९२ आहेत, आणि हा आकडा कोसळीच्या नियमांवरून लिहिलेल्या सारणीच्या निर्धारकाचेच मूल्य होय. शेजारची दोन घरे एकाच वेळी रिकामी असलेली मांडणी आवर्ती नसते, कारण घर रिकामे होते ते कोसळल्यानेच आणि कोसळताना ते शेजाऱ्याला एक कण देतेच. सत्य मजुमदार व धर यांनी १९९२ साली या मांडण्यांचा जालकावरील विस्तारी वृक्षांशी (सर्व घरांना जोडणाऱ्या, पण बंद वळसा नसलेल्या रचनांशी) एकास-एक संबंध जोडला. धर यांना २०२२ चे बोल्ट्समान पदक (सांख्यिकीय भौतिकीतील सन्मान) जॉन हॉपफील्ड यांच्यासमवेत देण्यात आले. खरी वाळू या प्रतिमानाप्रमाणे सहसा वागत नाही. लांबट दाण्यांच्या तांदळात घातनियम दिसल्याचे ओस्लो येथील प्रयोगात (१९९६) आढळले.

वाळूढिगांचे वर्ग कोणते, हा प्रश्न अद्याप वादग्रस्त आहे. कण यदृच्छ दिशांना पाठविणारे मन्ना यांचे प्रतिमान (१९९१) मूळ प्रतिमानाहून वेगळ्या वर्गातील आहे, हे आता बहुतेकांना मान्य आहे. पी. के. मोहंती व धर यांनी २००२ साली कण किंचित चिकट मानले असता वाळूढीग दिष्ट झिरपणीच्या (ठरावीक दिशेने यदृच्छ पसरणाऱ्या प्रक्रियांच्या) वर्गात जातात असे प्रतिपादन केले. बोनाचेला व सहकाऱ्यांनी २००६ साली अदिष्ट प्रतिमानांपुरते ते नाकारले. मोहंती व इतरांच्या २०१२ सालच्या आकडेमोडीने पहिल्या मताला पुन्हा बळ दिले आहे. दिष्ट रूपांबाबत मूळ युक्तिवाद पक्का दिसतो. अदिष्ट रूपांबाबत घातांकांमधील फरक इतका थोडा आहे की मोठ्या जालकांवाचून निर्णय कठीण आहे.

वाढत्या पृष्ठभागांचा कार्डार-पारिसी-झांग वर्ग (१९८६) येथे थोडक्यात नोंदवणे पुरे. गर्दीच्या वेळी दादरच्या पादचारी पुलावर पुढची जागा रिकामी झाली तरच पाऊल टाकता यावे, तसे एका रांगेत पुढे सरकणाऱ्या कणांचे वर्जन प्रतिमान याच वर्गात येते. त्याचा गतिक घातांक (लांबीनुसार काळ कसा वाढतो ते सांगणारा) ३/२ आहे. बेथे पद्धतीने (अशी प्रतिमाने अचूक सोडविण्याच्या एका रीतीने) तो काढण्याचे श्रेय अनेकदा ग्वा व श्पोन (१९९२) यांना दिले जाते, परंतु धर यांचा १९८७ सालचा लेख त्याआधीचा आहे. ताकेउची व सानो यांनी २०१० साली द्रव स्फटिकांतील वाढत्या सीमारेषांवर या वर्गाचे घातांकच नव्हे, तर चढउतारांचे वितरणही पडताळून पाहिले. सीमारेषेऐवजी द्विमितीय पृष्ठभाग घेतल्यास घातांक अजून केवळ संख्यात्मक रीतीनेच मिळतात.