अख्खी जात म्हणजे एकच झाड!

निलगिरी म्हटलं की आपल्याकडे सर्दीचं तेल नाहीतर रस्त्याकडेला लावलेली सरळसोट झाडं आठवतात, पण ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या 700 च्या वर जाती आहेत आणि त्यातली मीलप मॅली ही जात फक्त पश्चिम ऑस्ट्रेलियात, डन्सबरो गावाजवळच्या मीलप पार्कात, समुद्राजवळच्या एका छोट्या पट्ट्यात आहे. बाकी जगात कुठेच नाही. नाव पडलं तेही अगदी अलीकडे, 1992 मध्ये.

मॅली म्हणजे एका खोडाचं झाड नाही, तर जमिनीत लाकडाची जाडजूड गाठ असते आणि तिच्यातून झुडपासारखी बरीच खोडं वर येतात. वणवा लागला, वरचं सगळं जळून गेलं तरी गाठ जिवंत राहते आणि परत फुटते. मीलपला अशी खोडांची बरीच बेटं दिसतात, बघणाऱ्याला वाटणार छोटी राईच आहे. पण 1999 मध्ये डीएनए तपासल्याचे रिझल्ट छापून आले आणि कळलं की सगळी बेटं जनुकीयदृष्ट्या एकच, म्हणजे एकाच झाडाची गाठ पसरत पसरत तुटत गेलेली. गाठी वाढायचा वेग आणि पसारा यावरून वयाचा अंदाज काढला तर तो 6,000 वर्षांच्या पुढे गेला!! हडप्पाची शहरं वसायच्या आधीपासून हा बाबा तिथे उभा आहे. (वलयं मोजून हे कळलं नसतं, कारण आत्ताची खोडं त्या मानाने कोवळी आहेत.)

आता घोळ असा की फुलं येतात पण रुजणारं बी काही धरत नाही. निलगिरीला साधारणपणे दुसऱ्या झाडाचे परागकण लागतात, आणि इथे मधमाशी कुठल्याही बेटावर गेली तरी परागकण घरचेच. नवीन पिढी नाही म्हणजे नवीन जनुकं नाहीत, त्यामुळे सालीला लागणाऱ्या बुरशीच्या कँकर नावाच्या रोगाने फांद्या वाळायला लागल्या तेव्हा सगळ्याच बेटांना सारखाच धोका, वेगळं कोणी नाहीच ना.

मग पर्थच्या किंग्ज पार्कमधल्या संशोधकांनी टिश्यू कल्चर करून पाहिलं, आपल्याकडे केळीची रोपं करतात तसंच, कोवळ्या फुटव्यापासून बाटलीत रोप. त्याने झाडाची कॉपी मिळते, जोडीदार नाही मिळत. शेजारच्या दुसऱ्या निलगिरीशी संकर केला तर बी धरेलही कदाचित, पण मग ते रोप मीलप मॅलीचं राहणार नाही.