‘प्रजनन न्याय’ हा शब्द आला कुठून?

गर्भपातावरच्या संशोधनात ‘प्रजनन न्याय’ हा शब्द आता सर्रास भेटतो. तो विद्यापीठात जन्मलेला नाही. जून १९९४ मध्ये शिकागोतल्या एका परिषदेच्या निमित्ताने जमलेल्या १२ कृष्णवर्णीय स्त्रियांनी ‘प्रजनन हक्क’ आणि ‘सामाजिक न्याय’ यांची सांगड घालून तो घडवला. लोरेटा रॉस त्यांच्यापैकी एक. अमेरिकेतल्या चळवळीचा तोवरचा परवलीचा शब्द होता ‘निवड’, म्हणजे गर्भपात करायचा की नाही हे स्त्रीने ठरवावं, आणि तो त्यांना तोकडा पडत होता.

का, हे कळायला १९७३ पर्यंत मागे जावं लागतं. त्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालाने गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिलं. त्याच वर्षी अलाबामातल्या माँटगोमेरीत १४ आणि १२ वर्षांच्या दोन गरीब कृष्णवर्णीय बहिणींची सरकारी निधीवर चालणाऱ्या केंद्रामार्फत नसबंदी झाली. आईला वाचता येत नव्हतं. तिने संमतीपत्रावर फुली मारली होती. एकीला मूल नको म्हणायचा हक्क मिळत होता, तर दुसरीचा मूल हवं म्हणायचा हक्क न विचारताच काढून घेतला जात होता. मग १९७६ मध्ये खासदार हेन्री हाइड यांच्या दुरुस्तीने गरिबांच्या ‘मेडिकेड’ योजनेतून गर्भपाताला मिळणारा केंद्राचा पैसा जवळजवळ बंद केला. कायदा तसाच राहिला, पण दवाखान्याचं बिल भरणार कोण?

म्हणूनच या मांडणीत तीन हक्क एकत्र येतात: मूल न होऊ देण्याचा, होऊ देण्याचा, आणि झालेलं मूल सुरक्षित परिसरात वाढवण्याचा. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ‘सिस्टरसाँग’ या संघटनेने ती देशभर नेली.

संशोधनाचा प्रश्न बदलायला मात्र वेळ लागला. गर्भपाताने स्त्रीचं नुकसान होतं का, हेच बराच काळ विचारलं जाई. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतल्या डायना ग्रीन फॉस्टर यांनी प्रश्न उलटा केला: जिला गर्भपात नाकारून परत पाठवलं, तिचं काय होतं? ‘टर्नअवे’ अभ्यासात ३० दवाखान्यांतल्या सुमारे हजार स्त्रियांशी पाच वर्षं दर सहा महिन्यांनी बोलणं झालं. काही जणी गर्भपाताला दवाखान्याने घातलेल्या मुदतीच्या जेमतेम आत पोहोचलेल्या, काही थोडक्यात हुकलेल्या; त्यामुळे तुलना पटण्यासारखी होते. परत पाठवलेल्यांच्या वाट्याला गरिबी आणि थकलेली कर्जं जास्त आली. गर्भपात झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जणींना पाच वर्षांनंतरही आपला निर्णय योग्यच वाटत होता.

२४ जून २०२२ च्या ‘डॉब्ज’ निकालाने ‘रो’ रद्द झाला आणि अनेक राज्यांत जवळपास सर्वच जणी परत पाठवल्या जाऊ लागल्या. आता अभ्यासक राज्याबाहेरचा प्रवास, बुडालेली मजुरी, टपालाने येणाऱ्या गर्भपाताच्या गोळ्या यांचा हिशेब मांडतात. हाइड यांची तरतूद मात्र कायमचा कायदा नाहीच. ती खर्चाच्या विधेयकाला जोडून पुन्हा पुन्हा मंजूर करावी लागते, आणि पैसा कोणत्या प्रसंगी द्यायचा या अपवादांचे शब्द बदलत १९७६ पासून ती होत आली आहे.