घारापुरीच्या अंधारात डोळ्यांना थोडा वेळ द्या

मुंबई बघायला आलेल्या पाहुण्यांना घेऊन मी चार-पाच वेळा तरी घारापुरीला गेले असेन. गेटवेवरून लाँच, तासाभराचा समुद्र, मग शंभराहून जास्त पायऱ्या, वाटेत कणसं, कैऱ्या आणि हातातल्या पिशवीवर टपलेली माकडं. वर पोहोचेपर्यंत अंगातून घाम निथळत असतो. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्या सदाशिवासमोर माणसं किती वेळ थांबतात? एक फोटो मूर्तीचा, एक मूर्तीसोबतचा, की निघाली.

मला हे बघून दरवेळी हळहळ वाटते, कारण तोवर त्यांच्या डोळ्यांना नीट दिसूही लागलेलं नसतं.

उन्हातून लेण्यात शिरलं की डोळ्यांची बाहुली काही सेकंदांत रुंदावते, पण तेवढ्याने भागत नाही. खरा बदल डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, दृष्टिपटलावर घडायचा असतो. तिथे दोन तऱ्हेच्या पेशी असतात. भर उजेडात काम करणाऱ्या आणि रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी, आणि मंद उजेडात कामाला लागणाऱ्या दंडपेशी. दंडपेशींमधलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य प्रखर उजेडात मोडतं आणि सावलीत आल्यावर हळूहळू पुन्हा तयार होतं. पूर्ण काळोखात शंकूपेशींना सरावायला आठ-दहा मिनिटं लागतात, दंडपेशींना जवळपास अर्धा तास. घारापुरीचं लेणं काही मिट्ट काळोखाचं नाही, त्यामुळे अर्धा तास नको. पण काही मिनिटं हवीतच.

त्या काही मिनिटांत काय उलगडतं, ते सांगते. समोर माणसाच्या तिपटीएवढी उंच मूर्ती, सहाव्या शतकातली. मधला चेहरा शांत, पापण्या मिटलेल्या. इतपत कुणालाही दिसतं. थोडं थांबलं की आपल्या डाव्या हाताचा चेहरा पुढे येतो. तो भैरव, त्याला मिशा आहेत, आणि त्याच्याजवळ नाग आहे. मग उजवीकडचा, उमेचा, ओठ भरलेले, हातात कमळ. भैरव आणि उमा यांच्या मधोमध तो मिटल्या डोळ्यांचा चेहरा का ठेवला असेल, हा प्रश्न मनात येण्यासाठी आधी तिन्ही चेहरे वेगवेगळे दिसावे लागतात. अंधुक नजरेला तीन तोंडांची एक मूर्ती तेवढी दिसते.

घाई फक्त आपल्याकडे आहे असं नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात नावाजलेल्या चित्रांपुढे लोक किती वेळ उभे राहतात ते संशोधकांनी मोजलं. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत निम्मे लोक 17 सेकंदांच्या आत पुढे सरकले होते. पुढे शिकागोत तीच मोजणी पुन्हा झाली, तिथे हा आकडा 21 निघाला.

यात आळस नाही, शरीराचा थकवा आहे. बॉस्टनच्या कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी 1916 मध्येच याला ‘संग्रहालयाचा थकवा’ असं नाव दिलं होतं. कपाटांतल्या वस्तू बघण्यासाठी एका माणसाला किती वाकावं, उकिडवं बसावं, मान वळवावी लागते, याची छायाचित्रंच त्यांनी छापली. एकामागून एक सारख्या वस्तू बघून मेंदूचं लक्षही बोथट होतं, ते वेगळंच. म्हणून एका दिवसात गेटवे, संग्रहालय, लेणी आणि रात्री चौपाटी असा बेत आखणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, यातलं एक गाळा.

फोटोचा मुद्दा जरा गुंतागुंतीचा आहे. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञांनी संग्रहालयात केलेला एक प्रयोग 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागींनी काही वस्तू नुसत्या पाहिल्या, काहींचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तूंचे बारकावे कमी आठवले. जणू कॅमेऱ्याने जपून ठेवलं म्हटल्यावर मनाने ते सोडून दिलं. पण वस्तूचा एखादाच भाग जवळ आणून टिपणाऱ्यांच्या स्मरणात अशी घट झाली नाही, आणि मला हाच भाग कामाचा वाटतो. जवळून टिपायचं तर काय टिपायचं ते आधी ठरवावं लागतं, आणि ठरवण्यासाठी बघावं लागतं.

गेल्या खेपेला माझी मावशी सोबत होती. गुडघे दुखतात म्हणून ती लेण्यात सावलीला टेकली, मोबाइल पर्समध्येच होता. आम्ही बाकीचे खांबांमधून फिरून आलो. ती म्हणाली, ‘‘अगं, त्या उजवीकडच्या बाईच्या हातात फूल आहे, पाहिलंस का?’’ मी वळून पाहिलं. तोवर माझेही डोळे सरावले होते.